सहा तंबू

"ओता," शेषरावांनी तंबूच्या आतून सांगितलं.

बाहेर दोन मुलांनी बादली कापडावर रिकामी केली. शेषराव आत दुखरा गुडघा लांब करून आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बसले होते. चाळीस सेकंदांनी मधल्या शिवणीवर ओल उमटली. एक मिनिट दहा सेकंदांनी पहिला थेंब त्यांच्या मांडीवर पडला. त्यानंतर त्यांनी मोजणं थांबवलं.

ते वाकून बाहेर आले तेव्हा स्काऊटच्या जिल्हा कार्यालयातून आलेले तपासनीस वहीत काहीतरी लिहीत होते.

"शेषरावजी, पाँच में से चार गए. आबू की परमिशन मैं कैसे लिख दूँ?"

"पाँचवा भी लिखो, साहब," शेषराव म्हणाले. "उस पर लड़कों ने पानी आहिस्ता डाला था. मैंने देखा."

मुलांनी माना खाली घातल्या. तपासनीसांनी शेषरावांकडे जरा वेळ पाहिलं आणि पाचाचा आकडा लिहिला.

हे १९८६ च्या जुलैमध्ये, जयपूरच्या बनी पार्कमधल्या एका खाजगी शाळेच्या मैदानावर झालं. शेषराव साताऱ्याकडचे. सैन्यात इंजिनिअरांच्या तुकडीत हवालदार होते, शेवटची नेमणूक जयपूरला मिळाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. आठवड्याचे सहा दिवस ते एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम करायचे. तिथे तराजूंची वजनं पुसून पेटीत लावायचं काम त्यांच्याकडे होतं. सातव्या दिवशी ते या शाळेचं स्काऊट पथक चालवायचे. त्याला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्याचा पगार नव्हता. येत्या जानेवारीत ते साठ वर्षांचे होणार होते. साठीनंतर पथक दुसऱ्याकडे द्यायचं असा नियम होता. ऑक्टोबरात माउंट अबूला राज्याचं शिबिर होतं, आणि शेषरावांचं पथक त्या शिबिराला एकदाही गेलं नव्हतं. कधी मुलं कमी पडली, कधी परीक्षा आल्या, आणि आता तंबू गळत होते.

तंबूंसाठी दाता शोधायचं काम शाळेचे मुख्याध्यापक श्यामकांत सरांनी केलं. सर पुण्याचे, बोलण्यात मृदू. त्यांनी शेषरावांच्या हाती एक चिठ्ठी दिली आणि जौहरी बाजारात भंवरलालजींकडे पाठवलं.

भंवरलालजी पांढऱ्या गादीवर बसून पाचूचे खडे निवडत होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, एक खडा चिमट्याने उचलून खिडकीकडे धरला आणि खाली ठेवला.

"कितने तंबू?"

"छह, सेठजी. एक में चार. बाईस लड़के, दो बड़े."

"पिताजी सर्दियों में गुज़रे. उनके नाम से दे दूँगा. नाम लिखवाना पड़ेगा."

"लिखवा देंगे."

"कपड़ा तुम खुद जाकर लो. और धूप में देखकर लेना. छेद अंधेरे में नहीं दिखता."

हे वाक्य शेषरावांना फार आवडलं. घरी आल्यावर त्यांनी ते बायकोला, मालनबाईंना, दोनदा सांगितलं. कापड निवडायला त्यांनी कॉलेजातून दोन दिवसांची रजा घेतली आणि प्रत्येक ताग्याचा तुकडा दुकानाबाहेर उन्हात धरून पाहिला. दुकानदार वैतागला. तंबू शिवून आले तेव्हा प्रत्येक तंबूच्या दोन्ही उतारांवर सेठजींच्या वडिलांचं नाव वीतभर उंचीच्या निळ्या अक्षरांत होतं. शेषरावांनी सहाही तंबू उभे करून घेतले आणि प्रत्येकात दहा मिनिटं बसले. एकही थेंब आला नाही, आणि तपासनीसांनी परवानगी लिहून दिली.

तंबू स्वीकारण्याचा समारंभ सप्टेंबरातल्या एका रविवारी ठरला. आदल्या दिवशी संध्याकाळी शास्त्रीनगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत मालनबाई एका नव्या स्काऊट स्कार्फच्या कडा दुमडून टीप घालत होत्या. एकोणीस वर्षांत पथकाचे सगळे स्कार्फ त्यांनीच शिवले होते. हा सेठजींसाठी होता.

"सेठांच्या गळ्यात घालणार, आन् मग?" त्यांनी विचारलं.

"मग डावा हात देणार. आपल्यातला म्हणून."

मशीन थांबली. "त्यास्नी ठावं हाय का डाव्या हाताचं?"

"कळंल की."

"आवं, पण आधी कानावर घाला. ही लोकं डाव्या हातानं कुणाला पानी बी देत न्हाईत. आपल्यात तरी कोन देतंय?"

"आधी सांगितल्यावर त्याची तालीम हुती, मालन. मान असा सांगून देत्यात व्हय?"

मालनबाईंनी मशीन पुन्हा सुरू केली. "तुमी आन् तुमचा मान," एवढंच त्या म्हणाल्या.

स्काऊट एकमेकांना डावा हात देतात. शेषराव दर वर्षी नव्या मुलांना त्याचं कारण सांगायचे: लढणाऱ्याच्या डाव्या हातात ढाल असते, ती खाली ठेवून जो हात पुढे करतो, त्याने तुमच्यावर भरवसा टाकलेला असतो. म्हणून तो हात आपल्या माणसासाठी असतो. पाहुण्याला नमस्कार, अधिकाऱ्याला सलाम, आणि डावा हात फक्त आपल्या माणसाला. एकोणीस वर्षांत त्यांनी पथकाबाहेरच्या कोणालाही तो दिला नव्हता. तपासनीसांनाही नाही.

रविवारी सकाळी मैदानावर सहा तंबू एका ओळीत उभे होते. एका मुलाने टोपी घरी विसरली होती. शेषरावांनी त्याला मागच्या रांगेत पाठवलं. टोपी नसेल तर सलाम करता येत नाही, हे त्यांनी फौजेतून आणलेलं होतं आणि त्यात सूट नव्हती. सेठजी आपल्या आईला घेऊन आले. सत्तरी उलटलेल्या आणि पांढऱ्या ओढणीतल्या त्या बाई पुढच्या खुर्चीवर बसल्या. तंबूवरचं नवऱ्याचं नाव त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून सेठजींनी बोट ठेवून अक्षरं दाखवली. त्यांनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

सेठजींनी पहिल्या तंबूची दोरी शेषरावांच्या ओंजळीत दिली. शेषरावांनी ती कपाळाला लावून मुलाकडे सोपवली. स्कार्फ सेठजींच्या गळ्यात घातला, गाठ नीट मध्यावर आणली. दोन पावलं मागे सरकून कडक सलाम केला. आणि डावा हात पुढे केला.

सेठजींचा उजवा हात पुढे आला होता. तो मध्येच थांबला.

चार टोळीनायक शेषरावांच्या डावीकडे रांगेत उभे होते. शेषरावांनी हात दिला की आपणही द्यायचा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांच्या अगदी समोर सेठजींच्या आई होत्या. चार डावे हात एकदम त्यांच्यापुढे आले.

म्हाताऱ्या बाईंनी खुर्चीत अंग मागे घेतलं. "बायाँ?" त्या सेठजींना म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मैदान शांत होतं. "तेरे बाप के नाम पर बायाँ हाथ?"

"माताजी, यह तो... स्काउट में..." शेषरावांची एरवी कॉलेजात सहज चालणारी हिंदी अडकली. "यह इज़्ज़त का हाथ है. ढाल होती है ना, ढाल..."

ढालीचं पुढे काय ते त्यांना सांगता येईना. त्यांनी श्यामकांत सरांकडे पाहिलं. सर तीन हातांवर उभे होते. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "आइए, सेठजी, शरबत लेते हैं."

सेठजींनी दोन्ही हात जोडले, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला, आणि आईला हाताला धरून गाडीकडे गेले. जाताना त्यांनी स्कार्फ काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. फेकला नाही, घडी करून ठेवला. चार मुलांचे हात अजून थोडे पुढेच होते. कोणीतरी खाली घ्यायला सांगेल याची ती वाट पाहत होती.

मंगळवारी सरांनी शेषरावांना कार्यालयात बोलावलं.

"बसा, शेषराव. तंबू परत मागितलेले नाहीत. दिलेलं दान परत घेणारी माणसं नाहीत ती. पण तुम्हाला कल्पना आहे ना, दोन नव्या वर्गखोल्यांचंही त्यांच्याशी बोलणं चाललंय?"

"मला न्हाई ठाऊक, सर."

"चाललंय. तेव्हा एक पत्र लिहून द्या. डावा हात पुढे करणं ही माझी चूक होती, मुलांना चुकीची सवय लावली, यापुढे पथकात ती बंद. एवढं लिहिलंत की विषय संपला. अबूला तुम्हीच जाल."

शेषराव टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले. "माताजींच्या मनाला लागलं, त्याची माफी मी मागतो, सर. त्यांच्या दारात जाऊन मागतो. पण पोरांचं चुकलं असं कसं लिवू? चुकलं न्हाई त्यांचं. जगात समदे स्काऊट तसंच करत्यात. तुमी पुस्तक मागवा पायजे तर."

"मला पुस्तक नको, हो," सर जरा हसले. "मी स्वतः चार वर्षं स्काऊटमध्ये होतो. शाळेत असताना. मला माहीत आहे ते सगळं."

शेषरावांनी पेपरवेटवरची नजर उचलली.

"तुमाला ठाऊक हुतं," शेषराव म्हणाले.

"अहो, म्हणजे..."

"मग तिथंच का न्हाई सांगितलं, सर? तुमची हिंदी चांगली हाय. दोन वाक्यं लागली असती."

सरांनी चष्मा काढला. "वेळ तशी नव्हती, शेषराव. समजून घ्या."

शेषरावांनी घरी पत्र लिहिलं. दोन ओळींचं. माताजींना दुःख झालं याबद्दल मी हात जोडून माफी मागतो, मुलांचा यात दोष नाही. मालनबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "सरांनी सांगितलं तसं लिवून टाका की. कागूद तर हाय. एकोणीस वरसं आबू आबू करताय, जाऊन तरी या."

"आन् तिथं पोरं हात कुठला देतील?"

"उजवा देतील. न्हाई तर देणारच न्हाईत. तुमाला काय त्याचं?"

शेषरावांनी पत्राची घडी घातली. मालनबाई उठल्या, खुर्चीवरून परत आलेला तो स्कार्फ त्यांनी पेटीत तळाला टाकला. "लिवणार न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय. उगं विचारलं."

दोन ओळींचं पत्र सरांनी वाचलं, परत दिलं, आणि पथक राजनकडे सोपवलं. राजन शाळेत पी.टी. शिकवायचा. त्याचे वडील सैन्यात होते, तो जयपूरलाच वाढला, आणि शेषरावांच्या पहिल्या तुकडीतला टोळीनायक होता. किल्ल्या घ्यायला तो घरी आला तेव्हा दारातच उभा राहिला.

"काका, मतलब... मी मना केलं होतं. पण सर म्हणाले, मग कोणीच नाही जाणार. लडके तर जायला पाहिजे ना?"

"जायलाच पायजे," शेषराव म्हणाले. "ह्या तंबूच्या. ही खुंट्या ठोकायच्या मोगऱ्यांच्या पेटीची. चौथ्या तंबूची मधली काठी जरा तिरकी हाय, ती वाऱ्याच्या बाजूला लावू नको. रात्री दोऱ्या ढिल्या कर, दवानं आवळत्यात."

"हो, काका."

"आन् हाताचं काय ठरलंय?"

राजनने किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. "उजवा. सरांनी बोर्डवर लावलं आहे. लिखित."

"बरं."

ऑक्टोबरात गाडी दुपारची होती. शेषरावांनी प्रयोगशाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मालनबाईंनी दोन डबे शंकरपाळी केली होती. स्टेशनवर मुलं स्वच्छ गणवेशात होती, स्कार्फ सगळे मालनबाईंच्या हातचे. तंबूंचे सहा गठ्ठे फलाटावर ओळीने ठेवलेले होते आणि घडी कशी घातली आहे त्याप्रमाणे सेठजींच्या वडिलांच्या नावाची कुठे दोन, कुठे तीन निळी अक्षरं दिसत होती. एका गठ्ठ्याची गाठ सुटत आली होती. शेषराव खाली वाकले, सोडून पुन्हा बांधली.

श्यामकांत सर निरोप द्यायला आले होते. सेठजींनीही एक माणूस पाठवला होता. तो हार घेऊन गार्डच्या डब्याजवळ उभा होता.

मुलं एकेक करून शेषरावांपुढे आली. प्रत्येकाने उजवा हात दिला. शेषरावांनी प्रत्येकाचा हात उजव्याच हातात घेतला, नाव घेतलं, आणि सोडला. जुलैत पाणी आहिस्ता ओतणाऱ्या दोघांपैकी एक जण जरा घुटमळला. "सर, आप नहीं आ रहे?"

"मेरे घुटने को पहाड़ नहीं चलता, बेटा. चढ़ जाओ."

गाडी हलली तेव्हा राजन दारात उभा होता. तो वाकला आणि त्याचा हात खाली आला, डावा, विचार न करता आलेला. शेषरावांचाही वर गेला. मग राजनची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे सर उभे होते. त्याने तो हात मागे घेऊन दांडा धरला आणि उजवा पुढे केला. तोपर्यंत डबा पुढे गेला होता.

शेषरावांनी हात खाली घेतला. डबे जात राहिले. खिडक्यांतून मुलं सलाम करत होती, शिकवलं होतं तसा, बोटं जुळवून, कोपर खांद्याच्या रेषेत. त्यांनी टाचा जुळवल्या आणि ताठ उभे राहिले. दोन्ही हात पँटच्या शिवणीवर होते, मुठी वळलेल्या.

"आवं, पोरं सलाम करत्यात," मालनबाई हळूच म्हणाल्या. "तुमी बी करा की."

"टोपी न्हाई," शेषराव म्हणाले.

शेवटचा डबा जाईपर्यंत ते तसेच उभे होते.