कोरी असतानाच जुनी झालेली मोटरसायकल

मी एक जुनी मोटरसायकल आहे. मित्रांनो, जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गंजलेली, खडखडणारी, दहा वेळा किक मारल्याशिवाय सुरू न होणारी गाडी आली असेल. आज मी थोडीफार तशी आहे, नाही म्हणत नाही. पण मी जुनी झाले, तेव्हा माझ्या टायरांवरचे बारीक रबरी केससुद्धा झडले नव्हते. रस्ता म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. मी कोरी असतानाच मला जुनी करण्यात आले. ते कसे आणि कोणी केले, तेच मला सांगायचे आहे. सांगताना माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी टाकी गडद हिरवी होती आणि तिच्यात बघून कारखान्यातले कामगार केस नीट करून घेत. माझ्या मॉडेलच्या गाड्या फार थोड्या निघत, कारण आमच्या इंजिनाचा एक भाग लांबून यायचा आणि वेळेवर येणे त्याच्या जिवावर यायचे. थोड्या म्हणून आम्ही सगळ्यांना हव्या होतो. कारखान्याने माझी किंमत ठरवली, छापली आणि सगळ्या विक्रेत्यांना बजावले की नवी गाडी याच किमतीला विकायची, वर काही घ्यायचे नाही. हे ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. आपली किंमत राजालाही तीच आणि शिपायालाही तीच, असे मला वाटले. तेव्हा मी लहान होते.

शोरूमला मी लाकडी खोक्यातून पोहोचले. पुढचे चाक वेगळे, आरसे वेगळे, बॅटरी वेगळी. पुढे काचेची चकाचक शोरूम आणि मागे पत्र्याचे वर्कशॉप होते. तिथे ज्याने मला जोडले, त्याला सगळे नुसते मिस्त्री म्हणत. मालकाच्या हाताखाली त्याची उमेदीची सगळी वर्षे गेली होती. माझे खोके उघडताना मालक स्वतः मागे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मिस्त्री, ही पहिली गाडी तुझी. कंपनीच्या किमतीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जोडल्यास, एक स्वतःची जोड."

मी हे माझ्या कानांनी ऐकले आहे. मोटरसायकलला कान कुठले, असे विचारू नका.

मिस्त्रीला ही गाडी मिरवायला नको होती. त्याची बायको एका लॉन्ड्रीत दिवसभर उभी राहून इस्त्री करायची आणि संध्याकाळी सुजलेल्या पायांनी पूल ओलांडून घरी चालत यायची. त्यांची जुनी स्कूटर निम्मे दिवस बंदच असायची. तिला रोज कामावरून घेऊन यायचे, एवढाच त्याचा बेत होता. मालकाने शब्द दिला त्याच आठवड्यात त्याने ती स्कूटर विकून टाकली आणि साठवलेल्या पैशांत ते पैसे घालून माझी किंमत मालकाकडे भरली. बायकोला सांगून ठेवले, की गाडी आणीन त्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावरून दोनदा हॉर्न वाजवीन, हातातले काम टाकून बाहेर यायचे.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. कुठलाही नट पक्का आवळून झाला, की त्यावर रंगाचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की समजायचे, हा नट मिस्त्रीने आवळला आहे, आता बघायला नको. इतर गाड्यांना डब्यातला पिवळा रंग असायचा. माझ्यासाठी मिस्त्रीने घरून बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली आणली. जीभ ओठांत धरून तो एकेका नटावर ठिपका द्यायचा. गाड्या धुणारा माणूस हसून म्हणाला, "काय मिस्त्री, गाडी जोडताय का नवरी सजवताय?"

"घरची आहे," मिस्त्री म्हणाला आणि पुढच्या नटाकडे वळला.

मित्रांनो, मला पुढे बरीच माणसे भेटली. कोणी माझे फोटो काढले, कोणी माझ्याकडे बघून शीळ घातली. पण 'घरची' असे मला कोणी म्हटले नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याची बायको मला बघायला आली. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि सीटवरून फक्त दोन बोटे फिरवली.

"अहो, माझी बाटली संपवलीत की."

"तळाला आहे थोडी."

"बसू का?"

"आता नको. इथे काय कोणीही बसतं. रस्त्यावर आली की बस."

ती बरे म्हणाली. तेव्हाच बसली असती तर, असे मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मालकाने माझे कागद केले आणि माझा पहिला मालक म्हणून मिस्त्रीचे नाव लावले. किल्ली मिस्त्रीच्या खिशात गेली. वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मी तर मनाने त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले होते.

आठवडाही झाला नसेल, मालक एका दंतवैद्याला घेऊन मागे आला. दंतवैद्याने वाकून माझी टाकी बघितली आणि तिच्यात स्वतःलाही बघून घेतले.

"मिस्त्री, जरा ये. इथे एक सही कर."

"कसली, मालक?"

"विक्रीची. डॉक्टरसाहेब तुझ्याकडून गाडी घेतायत."

मिस्त्रीला आधी ती चेष्टा वाटली. तो हसलासुद्धा. मग मालकाने त्याला बाजूला घेतले आणि लहान मुलाला समजवावे तसे समजावले. "अरे, नाव फक्त वापरलं तुझं. हिच्यामागून आलेल्या गाड्यांसाठी आपल्या धुणाऱ्याचं वापरलं, माझ्या मेहुण्याचं वापरलं. नवी गाडी छापील किमतीला द्यावी लागते. एकदा कुणाच्या नावावर चढली की ती जुनी. जुन्या गाडीला काय भाव लावला, ते कोण विचारतं? लोक डबल द्यायला तयार आहेत."

"पण तुम्ही म्हणाला होतात, पहिली माझी."

"मग? कागद बघ की. पहिला मालक तूच आहेस."

"मी स्कूटर विकली, मालक."

"मला विचारून विकलीस का? तुझे पैसे आजच घेऊन जा. मी काय कुणाचे बुडवणारा माणूस आहे?"

मित्रांनो, नीट लक्षात घ्या. कायद्याने मी मिस्त्रीची होते. किल्ली त्याच्या खिशात होती. त्याने नुसते नाही म्हटले असते आणि मला फाटकाबाहेर काढले असते, तर मालकाला हात चोळत बसावे लागले असते. मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. मिस्त्रीने कपड्याला हात पुसले आणि सही केली. मालक कधी फसवेल, ही कल्पनाच त्याने कधी केली नव्हती, त्यामुळे तशा वेळी काय करायचे, हेही त्याला ठाऊक नव्हते. आज मला हे समजते. तेव्हा मात्र मला मालकापेक्षा त्याचाच जास्त राग आला. माझ्या तोंडाला पाने पुसली होती ती दोघांनी मिळून.

एवढ्यावर भागले नाही. वरचे पैसे कशाचे, ते डॉक्टरसाहेबांच्या घरच्यांना दिसायला हवे, म्हणून मालकाने माझ्यावर साज चढवायला सांगितला. जाडजूड लेगगार्ड, सीटला कव्हर, मागे पेटी, बाजूला नक्षीच्या जाळ्या. मला यातले काही नको होते. ते सगळे बसवायचे काम मिस्त्रीकडेच आले. त्याने ते बसवले, एकेक नट नेहमीसारखा पक्का आवळला. पण त्या नटांवर त्याने ठिपका दिला नाही.

दंतवैद्याकडे माझे सुरुवातीचे दिवस कौतुकात गेले. मी किती मुश्किलीने मिळते आणि आपण किती जास्त मोजले, हे तो पाहुण्यांना इतक्या अभिमानाने सांगायचा की जणू मी किमतीवरच धावते. फिरवायचा मात्र क्वचित. मग वर्ष-दीड वर्षात कारखान्याचा तो अडलेला भाग वेळेवर येऊ लागला. माझ्या मॉडेलच्या गाड्या गल्लोगल्ली दिसू लागल्या, छापील किमतीला, वर हेल्मेट फुकट. त्या दिवसापासून दंतवैद्य माझ्याशी बोलेनासा झाला. आपण फसलो, याचा राग त्याने मालकावर काढला नाही, माझ्यावर काढला. मला मागच्या शेडमध्ये ढकलले. टायर बसले, साखळी गंजली, पेटीत उंदरांनी संसार थाटला. मी तीच होते, मित्रांनो. माझ्यात काडीचा फरक पडला नव्हता.

आणि त्या मालकाचे काय झाले? काही नाही. शोरूम आहे, काचा अजून चकाचक आहेत. आता दुसरे कुठले तरी मॉडेल मिळत नाही म्हणे.

शेवटी दंतवैद्याने मला मिळेल त्या भावात विकले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलीने मला घेतले. तिने मला रस्ता दाखवला, खरीखुरी पळवली. पण लेगगार्ड इतका खडखडायचा की ती वैतागली. कोणीतरी तिला गावाच्या टोकाच्या एका छोट्या गॅरेजचा पत्ता दिला. एका सकाळी ती मला तिथे घेऊन गेली, आणि समोर मिस्त्री उभा होता. केस पांढरे झाले होते. शोरूमची नोकरी त्याने केव्हाच सोडली होती.

त्याने मला ओळखले नाही. ओळखणार कसा, माझ्यासारख्या गाड्या एव्हाना गल्लोगल्ली होत्या आणि माझे ठिपके त्या साजाखाली झाकले होते. त्याने खाली बसून लेगगार्ड काढला, जाळ्या काढल्या. आत पुढच्या चाकाजवळच्या नटावर लाल ठिपका होता. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि अंगठ्याने ठिपक्यावरची धूळ पुसली.

"काका, हिच्याबद्दल एक विचारू?" ती मुलगी म्हणाली. "पहिल्या मालकाने हिला आठवडाभरसुद्धा ठेवली नाही, असं कागदावरून दिसतं. काही खोट होती का हिच्यात?"

"गाडीत नव्हती," मिस्त्री म्हणाला. "संध्याकाळी घेऊन जा."

दुपारपर्यंत त्याने माझी साखळी, ब्रेक, सगळे नीट केले. दुरुस्ती झाली की मिस्त्री लोक गाडी एकदा फिरवून बघतात. त्याने मला बाहेर काढले आणि तो माझ्यावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. बाजाराच्या रस्त्याने गेला, पूल ओलांडला आणि एका गल्लीच्या कोपऱ्यावर थांबला. बराच वेळ थांबला. मग त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

दारातून त्याची बायको पदराला हात पुसत आली. ती आता सावकाश चालत होती.

"कोणाची हो?"

"गिऱ्हाइकाची."

तिने खाली वाकून बघितले. लाल ठिपका तिला दिसला. आपल्या बाटलीतला रंग तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"बस," मिस्त्री म्हणाला. "पुलापर्यंत जाऊन येऊ."

"नको. दुसऱ्याच्या गाडीला आपली म्हणून झालंय एकदा. ज्याची त्याला नेऊन द्या." असे म्हणून तिने मागच्या सीटवरून दोन बोटे फिरवली आणि ती आत गेली.

इतकी वर्षे मी मिस्त्रीवरचा राग जपला होता. परतताना तो इतका हळू चालवत होता की मला तो राग पुढे धरवला नाही. मालकावरचा मात्र अजून तसाच आहे.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, त्यांना धुवा, पुसा, तेल द्या, असे आम्ही जुन्या गाड्या नेहमी सांगतो. तेही कराच. पण गंज घासून निघतो, बसलेल्या टायरात हवा भरता येते. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. कोणाला 'ही तुझी' असे म्हणाल, तर ती त्याला द्या. द्यायची नसेल तर म्हणू नका.

गॅरेजच्या धुळीने माझी मागची सीट भरली होती. तिच्यावर त्या दोन बोटांच्या रेघा संध्याकाळपर्यंत होत्या. मग ती मुलगी आली, पैसे देऊन माझ्यावर बसली, हत्यारांची पिशवी मागे ठेवली आणि त्या पुसल्या गेल्या.