हिरव्या जाळीचा फास

बायको नीरजा गेल्याचं चंद्रहासला कळलं ते सोमवारी, डँडेनॉन्गच्या फॅक्टरीत, जेवणाच्या सुट्टीत. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावर, खडकांजवळ तिचं हृदय बंद पडलं होतं. दर हिवाळ्यात ती आठवडाभर सील बघायला तिकडे जायची. तो ओव्हरटाइमसाठी मागे राहायचा.

आदल्या संध्याकाळीच तिचा फोन आला होता. "एका पिल्लाच्या गळ्यात मासेमारीची जाळी अडकलीय रे, हिरवी. चांगली रुतलीय. वन्यजीववाल्यांना फोन कर ना. माझं इंग्लिश फोनवर अडतं."

"अगं बाई, सील काय पळून जातोय? उद्या करतो."

केला नाही.

दहाव्याचा पिंड तिथंच ठेवायचा असं त्यानं ठरवलं. मुलगी निहारिका बरोबर आली. पोचल्यावर आधी त्यानं तो राहिलेला फोन केला. दोन माणसं दुपारी यायची होती. तोवर लांब थांबा, आवाज झाला तर सील पाण्यात जातील, असं त्यांनी बजावलं.

पिल्लू खालच्याच खडकावर पडलं होतं. जाळीचा हिरवा दोर मांसात शिरला होता.

"बाबा, वेट करू या ना. ते लांब थांबा म्हणालेत."

"दहावा बाराच्या आत करायचा असतो."

त्यानं भाताचा पिंड ठेवला. कावळे जवळ बसले होते, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करू, असं मोठ्यानं सांगायचं असतं. तो म्हणाला, "नीरजा, निहारिकाचं शिक्षण पुरं करीन." कावळे हलले नाहीत. मग तो ओरडलाच, "तुझ्या पिल्लाचा फास काढीन गं!"

एक कावळा झेपावला. पिंडाला चोच लागली. लगेच सीगल्सचा गलका उठला, खालचे सील दचकले आणि धडाधड पाण्यात गेले. पिल्लू सगळ्यात शेवटी गेलं, मान वाकडी करून.

"यू शाउटेड, बाबा," निहारिका म्हणाली आणि रडायला लागली.

दुपारी आलेली माणसं अंधार पडेपर्यंत दुर्बीण लावून बसली. "नो वरीज, मेट," निघताना त्यातला एक म्हणाला, पण चंद्रहासकडे न बघता.

पुण्याहून मेव्हण्याचा फोन आला. "कावळा शिवला ना, भाऊजी? मग सुटली ती."

"हो, शिवला."

त्यानं सुट्टी आठ दिवस वाढवली आणि रोज खडकांवर जाऊन बसला. पिल्लू दिसलं नाही. जाळी काढायची राहिली आहे.