अजून नाही

...केबलच्या टोकाला तांब्याची बारीक तार, सुईपेक्षा जराशी जाड, आणि तिच्याभोवती गरगर फिरणारी धातूची टोपी. ती टोपी मार्सेलाच्या बोटांना काही केल्या पिरगाळता येईना. बोटं सांध्यांपाशी सुजलेली, त्यात मार्चची थंडी, आणि खिडकी उघडी ठेवायलाच हवी, कारण छपरावर अँटेना फिरवणाऱ्या शेजारच्या एमिलचा आवाज खाली यायला हवा. टीव्हीच्या पाठीमागच्या भोकात शिरता शिरता तार वाकली. तिनं ती दातांत धरून सरळ केली, जिभेवर तांब्याची चव आली आणि त्या चवीबरोबर मनात आलं — त्याचं तोंड वाकडं झालंय म्हणे. असू दे. असू दे वाकडं, मला फक्त एकदा डोळ्यांनी बघायचंय.

म्हणे म्हणजे नीट असं कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाचे, मांसाऐवजी चालणारे तळलेले मासे घ्यायला सगळं गाव रांगेत उभं असताना, ताटात कोबी-नूडल्स वाढता वाढता डोलोरेस म्हणाली होती, "होर्वाथ फर्निचरची नवी जाहिरात बघितलीस का गं?" आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली होती.

"का? काय आहे तिच्यात?"

"काही नाही. रसला मध्यंतरी अर्धांगाचा झटका येऊन गेला ना... तूच बघ बाई, माझ्या तोंडून नको."

रस. वीस वर्षांपूर्वीपर्यंत मार्सेलाचा नवरा, आणि अजूनही होर्वाथ फर्निचरचा मालक. रांगेतल्या एकूण एक माणसानं त्याचं ते तोंड पाहिलेलं, हळहळून झालेलं, आणि जिचा त्या तोंडावर पहिला हक्क ती मात्र आपली ताट धरून उभी... केबलवाल्यांचं आणि त्या लोकल चॅनेलचं काहीतरी भांडण होऊन चॅनेल केबलवरून गेलं, तेव्हा तिला केवढं हायसं वाटलं होतं! बरं झालं, ती जाहिरात दिसायला नको आणि त्याला घेऊन गेलेली ती ग्वेनही. पण आता? आता तिनं फोन करून सगळी केबलच तोडून टाकली. लोकल चॅनेलं हवेतून फुकट येतात, धुराड्याला बांधलेली जुनी अँटेना अजून चालेल, नवी तार जोडून तोंड शहराकडे वळवलं की झालं, असं शेजारचा एमिल म्हणाला. अँटेना कुणी बांधली होती ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मार्सी, आलं का?"

"अजून नाही."

"अगं, नुसती बघत काय बसलीस? मी फिरवली की दर वेळी चॅनेल नव्यानं शोधायला लाव. तुझ्या त्या जुन्या डब्यासारखं नाही हे."

"ठाऊक आहे मला."

ठाऊक नव्हतं. ती मघापासून मुंग्यांची वाट बघत होती. पूर्वी पडद्यावर मुंग्या यायच्या, मुंग्यांतून हळूहळू माणूस उमटायचा, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं करत माणूस पक्का व्हायचा. आता तसं नाही. येतं तेव्हा सगळंच्या सगळं येतं, नाहीतर नुसता निळा पडदा.

अजून नाही... हे दोन शब्द याच खिडकीतून किती जोरात ओरडले होते मी! वीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी सकाळी दुकानात कॅमेरावाला दिवे लावता लावता सहज म्हणाला होता, "पुढच्या जाहिरातीत ग्वेनबाई बोलणार ना? तुम्हाला नाही सांगितलं?" ग्वेन म्हणजे दुकानातली हिशेबनीस. आणि बोलणार काय, तर मार्सेलाचं वाक्य. एका चिडलेल्या गिऱ्हाइकापुढे खुर्ची सरकवत, खुर्चीची पाठ थोपटत ती एकदा म्हणून गेली होती, "आधी बसा, मग बोलू." रसला ते इतकं आवडलं की जाहिरात त्याच्यावरच उभी राहिली. रस्त्यात पोरंटोरं तिला बघून ते म्हणायची. नवरा नेलास तो नेलास — पण वाक्य? माझ्या तोंडातलं वाक्य?

त्याच दुपारी मॅच होती आणि रस छपरावर चढला होता. वरून बर्फाचं पाणी तिरकं मारत होतं. अँटेना जरा हलली आणि चित्र आलं, काचेसारखं लख्ख. "आलं का?" त्यानं वरून विचारलं, आणि मार्सेला पडद्याकडे बघत म्हणाली, "अजून नाही." मग डावीकडे. "अजून नाही." मग उजवीकडे. जवळजवळ सगळी मॅच तिनं आरामात बसून बघितली आणि त्याला वर गारठवत ठेवलं. शेवटी तो आपणहून उतरून आला, हात निळे पडलेले, आणि दारातूनच त्याला ते लख्ख चित्र दिसलं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, ओली टोपी काढली आणि सोफ्याच्या कडेला बसला. आता बोलेल, असं तिला वाटलं होतं. नुसता बसून राहिला मेला. एप्रिलात ग्वेनकडे राहायला गेला. एवढाच काय तो सूड तिच्या वाट्याला आला होता, आणि त्याचा तिला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. उलट कमी पडला असंच वाटत आलं होतं. उपासाच्या दिवसांत काय सोडणार, असं पाद्रीबाबा दर वर्षी विचारायचे. ती म्हणायची, गोड. राग सोडते म्हणायची तिची छाती नव्हती आणि इच्छा तर मुळीच नव्हती.

तिनं रिमोटचं बटण दाबलं. आकडे सरकले, एक चॅनेल, मग चार, मग एकदम बारा, आणि निळा पडदा जाऊन तिथे संध्याकाळच्या बातम्या लागल्या. ती एमिलला काही बोलली नाही. हवामानाच्या आधी जाहिराती लागल्या, गाड्यांची, दातांच्या डॉक्टरची, आणि मग...

ग्वेन किती जाड झालीय. हे आधी आलं मनात, आणि बरं वाटलं. मग तपकिरी आरामखुर्चीत रस. डावा गाल खाली ओघळलेला, ओठाचा कोपरा लोंबता, हात मांडीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. झालं ते छान झालं, असं ती मनातल्या मनात, शब्द न् शब्द नीट उच्चारून म्हणाली. हसूसुद्धा तयार होतं.

"आधी बसा," रस म्हणाला. स आणि श एकमेकांत कालवलेले. "मग..."

आणि अडकला. उजवा डोळा कॅमेऱ्याकडे, थेट तिच्याकडे लागलेला, ओली टोपी हातात घेऊन बसला होता तेव्हासारखा. तोंड हलत होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.

"बोलू," मार्सेला म्हणाली.

तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. ते तिच्या तोंडून गेलं, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत, खुर्ची पुढे सरकवताना येतो त्या मऊ आवाजात. नंतर पडद्यावर ग्वेननं त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हटलं; उशिरा. मार्सेलाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वीस वर्षं सांभाळलेला राग, आणि हे तोंड, माझं स्वतःचं तोंड, न विचारता त्याच्या मदतीला धावलं? थुंकावंसं वाटलं तिला. तांब्याची चव अजून गेली नव्हती.

"मार्सी! आलं की नाही? वारा बघ काय सुटलाय इथे. मला मारायचं ठरवलंयस का आज?"

"आलं," ती खिडकीशी जाऊन म्हणाली. "आलं रे. उतर आता खाली."

शिडी भिंतीला घासल्याचा आवाज आला. त्या घरातून हे वाक्य छपरावरच्या माणसाला पहिल्यांदाच गेलं असावं, आणि ते भलत्याच माणसाला गेलं हे तिला खुपलं. खुपलं त्याचाही तिला राग आला. हवामान संपत आलं होतं. जाहिराती पुन्हा लागणार होत्या. तिनं खुर्ची पडद्यापाशी ओढली, कडेवर बसली, आणि या वेळी काही निसटू नये म्हणून ओठ घट्ट मिटून वाट बघू लागली.