दादांच्या मुठीखालचा पोडियम

क्रांतीच्या शेडला कुलूप लावायचं का, हे ठरवायला कळंब्यात सभा भरली होती.

शेडमध्ये ती डिंक बनवायची. आसपासच्या पोल्ट्र्यांमधली पिसं, रक्त, मेलेल्या कोंबड्या असा सडून रोगराई पसरवणारा माल आणायचा आणि मोठ्या बंद कुकरात वाफेवर शिजवायचा. जंतू मरतात, उरतं ते प्रथिन. फरशीवर फुटलेलं अंडं वाळलं की खरवडताना नखं झिजतात ना, तीच ही चिकटाई. तिच्यानं प्लायवूड असं बसतं, की सुटता सुटत नाही.

पूर्वी हाच माल ओढ्यात जायचा. कुत्री तो गावभर ओढायची. तेव्हा सभा घ्यावी असं कुणाला वाटलं नाही. झाकण लावून शिजवायला लागल्यावर मात्र गावाला वास आला.

मांडवात शिरताच क्रांतीचे पाय थबकले. स्टेजवरचा पोडियम तिच्याच डिंकानं जोडलेला होता! तिनं मांडववाल्या आकारामला कोपऱ्यात गाठलं.

"आकारामकाका, हा कशाला आणलासा? डिंक अजून पुरता वाळला न्हाय."

"मग काय करू, पोरी? दादांनी मागच्या सभेत जुन्याची फळी उडवली की!"

भागाचे पुढारी अमरसिंहदादा बोलताना पोडियमवर मुठी आपटायचे, त्यांची ख्यातीच तशी. फळी निखळली तर भाषण रंगलं, असं सगळा भाग मानायचा. आज ती निखळली, तर शेडबरोबर डिंकाची अब्रूही जाणार होती.

दादा उभे राहिले. "ही घाण," धाड! "आमच्या पवित्र गावात," धाड! "चालणार न्हाय!"

मांडवामागं जेवणासाठी कोंबड्या सोलणं चालू होतं. पिसांची गोणी भरत आली होती.

धाड! धाड! टाळ्या तयार ठेवून लोक फळीकडं बघत बसले. क्रांतीनं डोळे मिटले. फळी ढिम्म. दादांनी दोन्ही मुठी घातल्या. पोडियम जागचा सरकला, पण सांधा सुटला नाही. दादा मूठ चोळत माइकवरच ओरडले, "आक्या, कुठनं आणलास रं ह्यो?"

"क्रांतीच्याच डिंकाचा हाय की, दादा."

पुढच्या रांगेतल्या तानाबाई उठल्या. "आन् बंद कशापायी करायचं म्हणं? तुमचा हात सुजला, पर फळी हालली न्हाय!"

हशा उसळला. क्रांतीनं दादांकडं पाहिलं. कुलूप की किल्ली, ते त्या सुजल्या मुठीत होतं.

दादांनी घसा खाकरला. "बघितलंसा? मी मुद्दाम तपासून दाखवलं! लोकांच्या पुढं खात्री नको व्हय? शेड चालणार! आन् आजपास्नं आपल्या भागातलं एक पीसबी ओढ्यात जाणार न्हाय. मी स्वतः लक्ष घालणार!"

आता टाळ्या पडल्या. रश्श्याचा वास आला तशी गर्दी पंगतीकडं वळली, आणि पिसांची गोणी तेवढी मागं राहिली. क्रांतीनं ती फरफटत दादांच्या पांढऱ्या गाडीपाशी आणली.

"दादा, ही शेडवर न्यायची हाय. डिकी उघडायला सांगता न्हवं?"

दादांनी ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हर पंगतीला बसला होता. आजूबाजूला मोबाइल वर झाले होते. फोटोसाठी हसत दादांनी गोणीचं दुसरं टोक धरलं.