सोडलेली खाट

मी खाट. दवनीवाडा गावच्या चैतरामच्या घरची, आणि खरं सांगायचं तर एका चटईवर जळणारी खाट. हसू नका. तुमच्या जागी दुसरं कुणी येऊन बसलं की तुमच्याही पोटात दुखतंच.

चैतरामच्या लग्नात गावच्या सुताराने मला घडवलं आणि सुतळी चैतरामने स्वतः विणली. धान कापून, बांधून तो घरी आला की माझ्यावर अंग टाकायचा आणि लगेच घोरू लागायचा. येणारा-जाणारा माझ्यावरच टेकायचा. शेजारचा भोजराज तर चपला काढून थेट उशाशी. मी कुणाला नाही म्हटलं नाही.

मग बोदलकसा तलावाकडे सप्ताह झाला. तिथल्या महाराजांनी सांगितलं, वस्तूंचा मोह सोडा. चैतराम घरी आला, त्याने घरभर नजर फिरवली, आणि मोह म्हणून त्याला सापडलं कोण? मी. टीव्ही सापडला नाही, मोटारसायकल सापडली नाही. मला एका कडेवर उभी करून भिंतीला टेकवली आणि बाजारातून शिंदीच्या पानांची चटई आणली.

काय होतं हो त्या चटईत? ना माझ्यासारखे चार खूर, ना उंची. पण सकाळी तो तिच्यावर डोळे मिटून बसे, जपाची माळ तिच्यावर ठेवी, गुंडाळताना तिला हात जोडी. माझ्यावर एवढी वर्षं घोरला, मला कधी हात जोडले नाहीत. माझ्या सांध्यांतले ढेकूण तिच्यात जावेत, असं मी मनापासून मागितलं.

धुरपता म्हणजे त्याची बायको. नवरा भुईवर निजतो म्हटल्यावर ती खाटेवर कशी निजणार? लोक काय म्हणतील? तीही खाली गोधडी टाकून निजू लागली. धानाच्या रोवणीत वाकून वाकून तिचे गुडघे कधीचेच गेले होते. सकाळी माझा खूर धरून ती कशीबशी उठे. मी मात्र चटईकडेच बघत असे.

एका संध्याकाळी भोजराज आला आणि सवयीने चटईवर टेकला. चैतरामने त्याला उठवलं. ही साधनेची चटई आहे, तू खाली बस, म्हणाला. भोजराज बसलाच नाही. चहा न घेताच निघून गेला. मला आनंद झाला, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपताने माझा खूर धरला, जोर दिला आणि मी भिंतीवरून घसरले. आम्ही दोघी आदळलो. चैतराम माळ टाकून धावला.

‘‘गुडघे एवढे दुखते तं काऊन नाही सांगतलं?’’

‘‘तुमी डोळे मिटून बसून राहता. सांगू कवा?’’

एकदा बोलायला लागली, ती मग थांबली नाही.

‘‘तुमी भुईवर निजता, मंग मी खाटंवर कशी निजू? सोडलं तुमी अन् भोगून राहिली मी. अन् सोडलं बी काय? खाट सोडली, चटई धरली. भोजराजभाऊले खाटंवरून कवा उठवलं होतं का तुमी?’’

त्या दिवशी चैतरामचा जप राहिला. त्याने मला खुरांवर उभी केली, ढिली सुतळी आवळली, गोधडी अंथरली आणि धुरपताला हाताला धरून वर बसवलं. मग जाऊन भोजराजला घेऊन आला आणि त्याला चटईवर बसवलं.

आता मी धुरपताची. चैतराम अजून चटईवरच निजतो, पण मला लागून. आणि जपाला बसण्याआधी तिच्या गुडघ्यांना तेल चोळतो. मी निवळले म्हणता? छे. चटईचं एक टोक उसवायला लागलंय, ते मी रोज बघते आणि मला बरं वाटतं.

तुम्हाला जे सोडायचं ते खुशाल सोडा, बाबांनो. फक्त मला भिंतीला टेकवण्याआधी एवढं बघा, माझा खूर धरून तुमच्या घरात कोण उठतं.