शिखरनगरचा पखालवाहू हेला

मी हेला बोलतोय. हेला म्हणजे रेडा. पण आमच्या चांदा भागात रेडा म्हणून हाक मारली तर मी वळून बघत नाही. हेला म्हटलं तरी बघत नाही, ती गोष्ट वेगळी.

माझा धनी गफ्फार. चांद्याच्या गल्ल्यांत आम्ही कातड्याच्या पखालीनं पाणी पुरवायचो. १९५५ साली खाणीच्या कामगारांसाठी डोंगरमाथ्यावर नवी वस्ती बसवायचं ठरलं. ओव्हरसियर गुणवंतरावांनी आधी 'शिखरनगर' अशी पाटी रोवली, मग झाडोरा तोडला, मग कौलारू चाळी उठल्या. पाण्याचं लक्षात आलं ते सगळ्यात शेवटी. तेव्हा मला बोलावलं.

खालच्या नाल्यावरून पखाल पाठीवर घेऊन मी चढायचो आणि प्रत्येक वळणावर थांबायचो. लोकांना वाटे, बिचारा दमला. मी दमायच्या आधीच थांबत असे.

पहिल्याच उन्हाळ्यात नाला आटला. माणसं भांडीकुंडी बांधू लागली. पहिल्या खोलीतली सुकरी खाणीवर माती वाहायची. तिचे दिवस भरत आले होते. तिनंही गाठोडं बांधलं.

"सुकरीबाई, थोडं थांबा. पाण्याची सोय करतो," गुणवंतराव म्हणाले.

"कशी थांबू, साहेब? लेकरू थांबते का? इथी घोटभर पानी नाई."

"मीबी उद्या चांद्याले चाललो," गफ्फार म्हणाला.

गुणवंतराव मटकन खाली बसले. सगळे चिंतेत होते. मला फक्त उकडत होतं. ऊन वाढलं की माझ्या डोक्यात चिखलाशिवाय दुसरा विचार येत नाही. एरवीही फारसे येत नाहीत. मी दोर ओढून निघालो. मागच्या उतारावर जांभळीखाली गार वास आला. झुडुपांत घुसलो, पाचोळ्याखाली चिखल लागला आणि मी ऐसपैस लोळलो. पाठीवरची रिकामी पखाल टरकन फाटली.

गफ्फार शिव्या देत आला. "अबे, माही पखाल!" उगारलेली काठी तशीच राहिली. "एवढ्या उन्हात इथी चिखल काऊन?" त्यानं हातानं उकरलं, बोटांवर पाणी आलं. वस्तीकडे तोंड करून तो ओरडला, "सुकरीबाई, गाठोडं सोड! झरा हाय इथी!"

सगळ्यांनी फावडी आणून झरा मोकळा केला. झऱ्यापेक्षा मला हलवायला जास्त वेळ लागला.

सुकरीला तिच्या खोलीतच मुलगी झाली. डोंगरावर जन्मलेलं पहिलं माणूस. तिला कडेवर घेऊन सुकरीनं माझ्या कपाळाला हळद लावली. "तुह्यामुळं माही पोरगी इथची झाली," ती म्हणाली. त्या दिवशी मी कपाळ चिखलात घातलं नाही.

मग टाकी बांधली, पंप आला, नळ आले. चाळी वाढल्या, शाळा निघाली. शिखरनगरात बेकार झालेला पहिला रहिवासी मीच. वर झऱ्याला कुंपणही घातलं, जनावरं आत शिरू नयेत म्हणून.

गफ्फार आता पंप चालवतो. कुणी मला विकायचा सल्ला दिला, तर म्हणतो, "याले इकू? मंग मी कोनासंग बोलू?"

म्हातारपणी मी झऱ्याच्या पाण्यानं पायथ्याशी भरलेल्या तळ्यात असतो, फक्त नाक वर. शिखरनगरला चाललात तर जरूर जा, पाणी गोड आहे. एवढीच विनंती, जाता जाता आभार मानायला मला उठवू नका.