ताईच्या फळीवरच्या वस्तू

मित्रांनो, मी एक जुने, हाताने शिवलेले पुस्तक आहे. जगात माझी एकच प्रत आहे, आणि ती म्हणजे मीच! माझ्या पानांवर प्रवासातून आणलेल्या वस्तूंचे ठसे आहेत. लाकडी कंगवा, पत्र्याची होडी, चमचे, असे बरेच काही.

मला घडवले एका चित्रकार बाईने. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. ती देशोदेशी हिंडे आणि दर खेपेला ताईसाठी काहीतरी आणी. ताई घरी राहून आजारी आईचे सारे करी. आलेली वस्तू पुसून फळीवर मांडून ठेवी.

आई गेल्यावर धाकटीने त्या वस्तू मागून नेल्या. वस्तूला शाई लावायची, वर ओलसर कागद ठेवून तळहाताने दाबायचे, की ठसा उमटे. दोन चमचे तर हुबेहूब सारखे निघाले. विमान सुटता सुटता घाईत घेतलेले! धाकटी मनातून ओशाळली. ठशांखाली गावांची नावे लिहायची, तर तिला एकही धड आठवेना. ती ताईकडे गेली.

"ताई, हा कंगवा कुठला गं?"

"गाव तुलाच ठाऊक. पण तू हा आणलास तेव्हा आईचे केस गळायला लागले होते. मी तो फळीवर मागं लपवून ठेवला."

"आणि ही होडी?"

"आई न्हाणीघरात पडली, तेव्हाची. मी एकटीनं उचललं तिला."

"मला कळवलं का नाहीस?"

"कळवलं होतं. कामात आहे, मग बोलू, म्हणालीस."

धाकटीचा चेहरा उतरला. घरी येऊन तिने गावांऐवजी ताईची वाक्येच लिहिली. मला शिवताना तिचे डोळे भरून येत, टाका चुके, ती तो उसवून पुन्हा घाली. मग पाठीला खळ लावली, पुठ्ठ्यांवर निळे कापड चढवले आणि मला वजनाखाली ठेवले. तुझे बोलणे लोकांना दाखवू का, असे मात्र तिने ताईला विचारले नाही.

धाकटीच्या चित्रांच्या प्रदर्शनात मी काचेखाली होतो. लोक वाहवा करीत आणि धाकटी मान खाली घाली. मलाही चोरीचा माल अंगावर घातल्यासारखे वाटे.

एके दिवशी ताई आली. धाकटीने काच सरकवून मला तिच्या हातात दिले. ताईने उभ्याउभ्या सगळे वाचले.

"माझं बोलणं मला न विचारता लोकांसमोर मांडलंस?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. आणि तेही अर्धंच. मला तुझा किती राग यायचा, ते कुठंय यात?"

धाकटीने पेन पुढे केले. ताईने शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली: 'मलाही जायचं होतं.'

धाकटी तिथेच खाली बसली. ताईने तिला माफ केले की नाही, मला ठाऊक नाही. पण ताई निघून गेली नाही. बराच वेळ शेजारी बसून राहिली.

आता मी ताईच्या घरी असतो. मित्रांनो, मला हाताळताना हात कोरडे ठेवा, पाने मुडपू नका. आणि प्रवासाहून परतलात, की आधी घरच्यांजवळ बसा, त्यांचे दिवस कसे गेले ते विचारा. पिशवी नंतर उघडली तरी चालते.